कपाटाच्या मापाचा स्वेटर

मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोघं लागतात. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, मागे सरायचं, एक झटका द्यायचा, मग पुढे येऊन टोकाला टोक लावायचं. एकाने सोडायचं, दुसऱ्याने घ्यायचं. पुन्हा मागे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यात हे दिवसभर चालायचं. सात जोड्या समोरासमोर. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही माणसं सारखी भेटताहेत, रुसून मागे जाताहेत, पुन्हा भेटताहेत.

सात जोड्या म्हणजे चौदा माणसं. पंधरावा हा.

पंधराव्यासाठी भिंतीत एक खुंटी होती. चादरीची दोन टोकं खुंटीला अडकवायची, दोन आपण धरायची, चाललं काम. खुंटी रजा घेत नाही, खुंटीच्या हाताला घाम येत नाही आणि खुंटी काही विचारतही नाही. पोरगा कामाला लागला त्या दिवशी मुकादम म्हणाला होता, "सोळावा माणूस येईपर्यंत खुंटीवर कर." सोळावा काही आला नाही. आठ महिने झाले आणि पोराचं नावच खुंट्या पडलं.

चोवीस वर्षांचं पोर. वाईट नव्हतं, माणूसघाणं तर मुळीच नव्हतं. पहिल्या दिवशी डबा घेऊन आत गेला तर बाकावरची प्रत्येक जागा कुणाची ना कुणाची असल्यासारखी वाटली. मग बाहेर बॉयलरच्या भिंतीला टेकून जेवला. दुसऱ्या दिवशीही तिथेच. आठवडाभराने लोकांना वाटायला लागलं की याला तिथेच आवडतं, आणि महिन्याने त्यालाही तसंच वाटायला लागलं. एके दिवशी त्याने मोजलं, सकाळपासून रात्रीपर्यंत आपल्या तोंडून शब्द किती गेले. एकोणीस. त्यातले तीन बसमध्ये गेले होते, पुढच्या थांब्यावर उतरायचंय म्हणून.

भाड्याची खोली होती. एक खाट, एक खिडकी जी पूर्ण लागत नव्हती, आणि आधीच्या भाडेकरूने जिन्यावरून उतरेना म्हणून सोडून दिलेलं एक लाकडी कपाट. कपाट असं दांडगं, की खोलीत शिरलं की आधी तेच दिसायचं आणि मग भिंती.

रविवारी सकाळी आईचा फोन यायचा. आई गावाकडे मोठ्या भावाकडे राहायची. सगळं विचारून झालं, जेवलास का, खोकला कसाय, की शेवटी आवाज जरा खाली घेऊन विचारायची, "कुणी ओळखीचं झालं का रे?"

"होईल गं."

मग दोन्हीकडे गप्प. ती गप्प बसली की त्याला तिच्या सुयांची टकटक ऐकू यायची. ती विणता विणताच बोलायची. पण या प्रश्नानंतर सुयाही थांबायच्या, आणि ते त्याला सोसायचं नाही. अशाच एका रविवारी त्याच्या तोंडून निघून गेलं, "झाला एक मित्र."

"कोण रे?"

आता एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर पुढे जाणं आलं. त्याची नजर कपाटावर गेली. "मोठा दांडगा माणूस आहे," तो म्हणाला. "दारातून वाकून यावं लागतं त्याला."

"अगं बाई. आणि स्वभावाने?"

"हसतो खूप. हसला की खिडक्या वाजतात."

तिकडे सुया पुन्हा सुरू झाल्या. नुसत्या सुरू नाही, धावायलाच लागल्या. मग काय, दर रविवारी दांडग्या थोडा थोडा वाढत गेला. दांडग्याने असं केलं, दांडग्या तसं म्हणाला. एकदा त्याने सांगितलं, "परवा मला जरा उदास वाटत होतं ना, तर दांडग्या म्हणतो, जेवताना रडू नये, डबा खारट होतो." आई एवढी हसली की तिला ठसका लागला. तिने ते वाक्य सुनेला ऐकवलं, शेजारणीला ऐकवलं, आणि पुढच्या रविवारी त्याचं त्यालाच परत ऐकवलं.

आणि एका रविवारी म्हणाली, "थंडी येतेय. त्याला कोण आहे विणून द्यायला? माप सांग त्याचं. खांद्यापासून मनगटापर्यंत किती विती, छाती किती. तुझ्या वितीने सांग, पुढचं मी बघते."

खुंट्याने फोन कानाला धरून कपाट वितीवितीने मोजलं. खोटं सांगायचं तर निदान नीट मोजून सांगावं, एवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता.

चार महिन्यांनी, एका गुरुवारी, पार्सल आलं. दिवसा खोलीवर कुणी नसतं म्हणून आईने कारखान्याचाच पत्ता घातला होता. जेवणाच्या सुट्टीत त्याने कोपऱ्यात जाऊन ते उघडलं. गडद निळा स्वेटर. उलगडत गेला तर संपेचना. गळ्याला आईने पांढरी रेघ घातली होती, दोन टाक्यांची, बारीक. सोबत चिठ्ठी: "रविवारी त्याला तुझ्याकडे बोलव. स्वेटर घालायला लाव आणि मला फोनवर दे. एकदा त्याचं हसू ऐकायचंय."

रविवार तीन दिवसांवर. आईला खरं सांगावं, तर त्या सुया बंद पडणार. आणि खोटं पुढे रेटावं, तर माणूस आणायचा कुठून? स्वेटर नीट बघता यावा म्हणून त्याने तो खुंटीला अडकवला, आणि तेवढ्यात मुकादमाने हाक मारली, ट्रक आलाय, उतरवायला चला. तो गेला.

आता त्या कारखान्याचा एक नियम होता. दवाखान्याची कापडं असायची, म्हणून जे कापड जमिनीला टेकलं ते पुन्हा धुवायचं. विचारायचं नाही, झटकायचं नाही, उचलायचं आणि सरळ उकळत्या पाण्याच्या ड्रममध्ये टाकायचं. माणसांच्या हातांना याची इतकी सवय झालेली, की ड्रम चालवणाऱ्याने एकदा घरी जमिनीवर पडलेला बापाचा कोट उकळला होता.

तो ड्रमवाला म्हणजे भोंग्या. पंचविशीचा, काडीसारखा, वाफेने आणखी वाळलेला. पण ड्रमच्या घरघरीत आठ वर्षं काढल्यामुळे आवाज असा, की हळू बोलला तरी गल्लीपलीकडे जावा. स्वेटर खुंटीवरून घसरला. भोंग्या ट्रॉली घेऊन तिथून चालला होता. वाकला, उचलला, नेला, टाकला.

तासाभराने ड्रम उघडला आणि टॉवेलांच्या ढिगातून निळं काहीतरी निघालं. आटलेलं, जाड, पुठ्ठ्यासारखं कडक. गळ्याची पांढरी रेघ तेवढी ओळखू येत होती.

"हे कुणाचं?" भोंग्या ओरडला, म्हणजे साधंच बोलला.

खुंट्या पुढे झाला. बघितलं. "माझ्या मित्राचं," तो म्हणाला. आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनात पहिल्यांदा दुःख नाही आलं, सुटकाच वाटली. स्वेटर गेला, आता काय घालायला लावून कुणाला फोनवर देणार.

पण भोंग्या असा सुटणारा माणूस नव्हता. "हाताने विणलंय हे," तो म्हणाला, आणि त्याचं तोंड उतरलं. "कुणी विणलं?"

"आईने."

"मेलो मी. कुठे राहतो तुझा मित्र? संध्याकाळी जाऊ आपण. मी स्वतः माफी मागतो."

"नको नको. तो बाहेरगावी आहे."

"कधी येणार?"

"ठरलेलं नाही."

शुक्रवारी भोंग्या जेवणाच्या सुट्टीत बॉयलरच्या भिंतीपाशी हजर. "आला का?"

"नाही."

"मग घरी कोण असतं त्याच्या? घरच्यांना सांगून येऊ. लेका, मला झोप नाही रात्रभर." आणि तिथेच खुंट्याच्या शेजारी बसून त्याने आपला डबा उघडला. आठ महिन्यांत त्या भिंतीला टेकून दुसरं कुणी जेवलं नव्हतं. भोंग्या घास चावता चावता बोलत होता, ट्रकवाल्याचं, मुकादमाचं, उकळलेल्या कोटाचं. कोटाच्या गोष्टीवर तो स्वतःच हसला, आणि वरच्या खिडकीची सैल काच थरथरली. खुंट्याने मान खाली घातली. हे हसू गेले आठ महिने तो हॉलच्या दुसऱ्या टोकाहून ऐकत आला होता. दांडग्याला त्याने तेच दिलं होतं.

शनिवारी अर्धा दिवस. भोंगा वाजला, लोक निघाले. खुंट्या निघणार तेवढ्यात मावशींनी हाक मारली. मावशी म्हणजे घडीच्या टेबलावरची सगळ्यात जुनी बाई. प्रेमाने बोलल्या तरी खिळा ठोकल्यासारखं वाटायचं.

"कुठे निघालास? इकडे ये. या शहाण्याने मला सगळं सांगितलंय."

बादलीत गार पाणी आणि पातळ साबण, त्यात तो स्वेटर. शेजारी भोंग्या, तोंड पाडून.

"लोकर एकदा उकळली की टाके एकमेकांना धरून बसतात," मावशी म्हणाल्या. "सोडवून सुटत नाहीत. पण ओढून बघू, बोटभर वाढला तर वाढला. धर ती बाही. भोंग्या, तू दुसरी धर. आणि झटका देऊ नकोस, मेल्या, चादर नाही ती."

खुंट्याने बाही धरली. मागे सरला. पलीकडून ओढ आली.

आता ही गोष्ट सांगायला किरकोळ आहे. पण आठ महिने ज्याने भिंतीतली खुंटी ओढली, त्याच्या हाताला एकदम कळलं की समोरचं टोक जिवंत आहे. खुंटी तशीच राहते. माणूस थोडं देतो, थोडं घेतो, त्याचा पाय सरकतो, तो सावरतो, आणि ते सगळं कापडातून आपल्या हातात येतं.

"किती उंच आहे रे तुझा मित्र?" मावशींनी विचारलं.

त्याने हात वर करून दाखवलं.

"एवढा? मग हा जन्मात नाही व्हायचा त्याला. बस्स करा. पोरांनो, चपला घाला, आपण तिघंही जाऊन सांगू. मी बोलते त्याच्याशी."

"तो बाहेरगावी..."

"मग फोन लाव."

"मावशी..."

"फोन लाव म्हणते ना."

खुंट्याने बाही सोडली. ओल्या हातांकडे बघत म्हणाला, "असा कुणी नाहीये."

"म्हणजे?"

"मित्र नाहीये. मी आईला खोटं सांगितलं. ती काळजी करत होती. माप मी कपाटाचं दिलं."

त्या कारखान्यात भोंग्या असताना अशी शांतता कधी झाली नव्हती.

"म्हणजे तीन दिवस," भोंग्या शेवटी म्हणाला, "मी कुणाची माफी मागायला फिरतोय?"

"कपाटाची," खुंट्या म्हणाला.

तो काही विनोद करायला गेला नव्हता. पण मावशींनी पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले, आणि भोंग्या असा फुटला की हसता हसता बादलीला लाथ लागून पाणी सगळीकडे झालं. खुंट्या आधी घाबरला. मग त्यालाही हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणीही आलं, आणि ते त्याला थांबवता येईना.

मावशींनी त्याला टेबलावर बसवलं. "कसा होता रे तो? सांग तरी."

त्याने सांगितलं. उंची ट्रकवाल्याची, दारातून वाकून येतो ती. माप कपाटाचं. हसणं... इथे तो अडखळला.

"हसणं काय?"

"हसला की खिडक्या वाजतात."

भोंग्याने वर काचेकडे बघितलं, मग खुंट्याकडे. "ते माझंय," तो म्हणाला. आणि खरोखर हळू म्हणाला.

"आणि एकदा तो म्हणाला, म्हणजे मीच म्हटलं, की जेवताना रडू नये, डबा खारट होतो."

"ते मी म्हणते," मावशी म्हणाल्या. "नवीन पोरी आल्या की पहिल्या आठवड्यात रडतात, त्यांना म्हणते. तू कुठे ऐकलंस?"

"खुंटीपाशी ऐकू येतं."

मावशींनी ओले हात पदराला पुसले. "सगळं ऐकत होतास. मग बोलायला काय झालं होतं? आम्ही काय खाणार होतो तुला?"

"तुम्ही सगळे जोडीत होता."

"अरे, पहिल्याच आठवड्यात मी तुला हाक मारली होती. ये, आमच्यात ये, तिघांत करू. तू म्हणालास, असू दे, बरंय."

खुंट्याला आठवलं. म्हणाला होता खरा. ओझं नको व्हायला म्हणून म्हणाला होता. त्याला वाटलं होतं त्या पुन्हा विचारतील, आणि मावशींना वाटलं होतं पोराला खुंटीच बरी वाटते.

"मीही दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं," मावशी म्हणाल्या, आणि फडकं घेऊन पाणी पुसायला लागल्या. "उगाच बसू नका, पुसा."

जाताना भोंग्या म्हणाला, "उद्या सकाळी येतो मी तुझ्या खोलीवर."

"आता कशाला?"

"माफी मागायची राहिलीय ना. मित्र नसला तरी विणणारी आहे."

आणि रविवारी तो आला, तोच स्वेटर घालून. वाळून आणखी कडक झाला होता. अंगाला जेमतेम बसत होता, पण बाह्या वाकत नव्हत्या, त्यामुळे दोन्ही हात बाजूला फाकून तो जिन्यावरून आडवा आडवा चढला. "शिक्षा म्हणून घातलाय," तो म्हणाला. खोलीत शिरला आणि कपाटासमोर थांबला. "हेच का ते? नमस्कार साहेब." कपाटाची कडी हातात घेऊन त्याने हलवली, तसा दरवाजा करकरत उघडला. "बोलतंय की," म्हणाला, आणि आपल्याच बोलण्यावर हसला. खिडकी लागत नव्हतीच, ती वाजली.

तेवढ्यात फोन आला. खुंट्याने उचलला.

"आहे ना तो तिथे?" आईचा आवाज असा, जसा किती तरी दिवसांत आला नव्हता. "ऐकलं मी. हसणं ऐकलं. अगदी तू सांगितलंस तसं. दे त्याच्याकडे."

खुंट्याने फोनवर तळहात दाबला. भोंग्याला सगळं ऐकू गेलं होतं. तो फाकलेल्या हातांनी खुणा करत होता: दे इकडे. होतो मी तो. काय जातंय?

आणि जात काहीच नव्हतं. हसणं जुळत होतं. आईने त्याला बघितलेलं नव्हतं. एक शब्द बोलायचा अवकाश, आई खूश, काळजी मिटली. पण मग तिकडे फोनवर बोलणार कोण? दांडग्या. आणि हा जो गुरुवारपासून माफी मागायला जीव टाकतोय, सुट्टीच्या दिवशी पुठ्ठ्याचा स्वेटर घालून तीन जिने चढून आलाय, त्याचं आईला नावही कळणार नाही. आठ महिन्यांनी एक माणूस मिळाला, तो काय कपाटाला देऊन टाकायचा?

त्याने तळहात काढला. "आई, दांडग्या नाहीये."

"अरे आत्ता तर हसला."

"तो दुसरा आहे. दांडग्या कुणी नव्हताच. मी उगाच सांगत होतो. माप मी कपाटाचं दिलं होतं."

तिकडे सुया थांबल्या. त्याने डोळे मिटून घेतले. थांबल्या त्या थांबल्याच. मग आई म्हणाली, "म्हणजे चार महिने मी कपाटाला स्वेटर विणला?"

"हो."

"मान दुखायला लागली माझी." सुया खाली ठेवल्याचा आवाज आला. "मग तू आठ महिने एकटाच होतास?"

"हो."

"आणि मी इथे शेजारणीला तुझ्या मित्राचं कौतुक सांगत बसले. खोटंच बोलायचं होतं तर माणूस जरा बारीक सांगायचास. लोकर किती लागली माहीत आहे?"

"आई..."

"हसला तो कोण मग?"

भोंग्याला आता राहवेना. तो आडवा होऊन फोनजवळ आला. "काकू, मी भोंग्या. ड्रमवर असतो. स्वेटर मी उकळला. खाली पडला होता, मी बघितलाच नाही, नेऊन टाकला. माफी मागतो."

"लोकर उकळलीस?"

"हो काकू."

"कापडं धुण्याचंच काम ना तुझं? मग एवढं कळलं नाही?"

"हात आपोआप जातात, काकू. बापाचा कोटही उकळलाय."

तिकडे आईला ठसका लागला, तोच जुना, हसण्याचा. "ड्रमवाला. अरे, त्याची गोष्ट सांगितली होतीस तू," ती मुलाला म्हणाली. "दांडग्याची म्हणून सांगितलीस. कोट उकळला ती."

"त्याचीच होती," खुंट्या म्हणाला. "लांबून ऐकली होती."

"आणि आता तो स्वेटर कुठाय?"

"त्याने घातलाय."

"बसतो?"

"उभा राहतो," खुंट्या म्हणाला. "बसता येत नाही त्यात."

आई म्हणाली, "काढ म्हणावं तो. आणि माप घे त्याचं. थोडी निळी लोकर उरलीय. नीट घे, आणि माणसाचं घे."

स्वेटर काही निघेना. भोंग्याने हात वर केले, खुंट्याने दोन्ही बाह्या धरल्या आणि मागे सरला. भोंग्या पुढे आला. मागे सर, पुढे ये, अशा तीन फेऱ्या झाल्या, मग एकदम सुटला आणि खुंट्या जाऊन खाटेवर आदळला. फोनमधून आई विचारत होती, काय पडलं, काय पडलं.

मग भोंग्याने हात लांब केला. खुंट्याने अंगठा त्याच्या खांद्यावर टेकवला, करंगळी ताणली. हात हाडकुळा होता, गरम होता, ड्रमच्या वाफेने मनगटापर्यंत लाल झालेला.

"एक," तो म्हणाला. "दोन. हलू नकोस ना."

"गुदगुल्या होतात लेका."

"हलू नको म्हणतो ना. कितीवर होतो मी?"

"पहिल्यापासून मोज," आई म्हणाली. "मला काही घाई नाही."

त्याने पुन्हा खांद्यावर अंगठा टेकवला.